महावृक्ष : आद्य निसर्गदृश्य-छायाचित्रणातील प्रतीक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निसर्गदृश्यांचे छायाचित्रण ही स्वतंत्र शाखा म्हणून आकारास येत असताना प्रचंड व पुरातन वृक्ष हा तिचा एक आवडता विषय ठरला. इंग्लंड-फ्रान्समध्ये ओक, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात सिकोया, भारतात वड व देवदार आणि ऑस्ट्रेलियात निलगिरी या वृक्षांची छायाचित्रे १८४० ते १९०० या कालखंडात घेतली गेली. त्यांत वृक्ष केवळ वनस्पतिशास्त्रीय नमुना म्हणून येत नाही. दीर्घायुष्य, पावित्र्य व राष्ट्राचे वैभव यांचे आणि त्याचबरोबर निसर्गावर मानवाने मिळविलेल्या ताब्याचेही ते प्रतीक ठरते. वृक्ष राखावा ही भावना आणि तो तोडून जगाला दाखवावा ही ईर्ष्या, या परस्परविरोधी प्रेरणा जवळजवळ एकाच प्रकारच्या चित्ररचनेतून व्यक्त झाल्या, हे या छायाचित्रांचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कॅलिफोर्नियातील महासिकोया वृक्षांच्या छायाचित्रांचा विचार केला आहे. कारण तेथे या प्रतीकाचा विकास व त्याचे परिणाम सर्वांत स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

पूर्वपीठिका : छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट (१८००–७७) याने इंग्लंडमधील आपल्या लॅकॉक येथील निवासाच्या परिसरात १८४२-४३ च्या सुमारास निष्पर्ण ओक वृक्षाचे छायाचित्र घेतले. हिवाळ्यातील झाड निवडण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच व्यवहारही होता. पाने नसल्यामुळे वाऱ्याने होणारी हालचाल कमी असे व फांद्यांची जाळी दीर्घ प्रकाशनकालातही स्पष्ट उमटे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) याने फाँतेनब्लोच्या अरण्यातील ओक वृक्षांची छायाचित्रे १८४९ पासून घेतली. बार्बिझाँ परिसरातील चित्रकार याच अरण्यात काम करीत होते. त्यांच्या आग्रहाचा परिणाम म्हणून १८६१ साली तेथील सु. १,१०० हेक्टर क्षेत्र ‘कलात्मक’ विभाग म्हणून तोडीपासून वगळण्यात आले. केवळ दृश्यसौंदर्यासाठी वनक्षेत्र राखण्याचे हे एक आद्य उदाहरण होय. तथापि यूरोपीय चित्रातील ओक हा परिचित ग्रामीण जीवनाचा घटक होता. त्याला नाव असे, त्याच्याशी आख्यायिका निगडित असत आणि त्याचा आकार पाहणाऱ्याला नव्याने सिद्ध करून दाखवावा लागत नसे. कॅलिफोर्नियात नेमकी याच्या उलट परिस्थिती होती.

कॅलिफोर्नियातील महासिकोया : हा वृक्ष सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरील तुरळक रायांमध्येच नैसर्गिक रीत्या वाढतो. सर्वांत मोठा मानला जाणारा ‘जनरल शर्मन’ वृक्ष सु. ८४ मी. उंच असून बुंध्याशी त्याचा व्यास ११ मी.हून अधिक आहे. या जातीतील काही वृक्षांचे वय ३,००० वर्षांपेक्षा जास्त आढळले आहे. सुवर्णशोधाच्या धामधुमीत, १८५२ साली, ऑगस्टस डाउड हा शिकारी कॅलाव्हेरस येथील राईत पोहोचला आणि त्यानंतर या वृक्षांची वार्ता जगभर पसरली. स्थानिक आदिवासींना ते अर्थातच पूर्वीपासून माहीत होते.

या वार्तेची पहिली परिणती वृक्षतोडीत झाली. १८५३ साली कॅलाव्हेरस येथील प्रथम आढळलेला वृक्ष पाडण्यात आला. एवढा बुंधा कापू शकेल अशी करवत नसल्याने त्याला गिरमिटाने भोके पाडावी लागली व या कामास सु. तीन आठवडे लागले. उरलेल्या खोडक्याचा माथा गुळगुळीत करून त्यावर नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले. पुढच्याच वर्षी ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’ (अरण्यमाता) असे नाव दिलेल्या वृक्षाची साल जमिनीपासून सु. ३५ मी. उंचीपर्यंत सोलून काढण्यात आली. तिचे तुकडे प्रथम न्यूयॉर्क येथे व नंतर लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये जोडून उभे करण्यात आले. तेथे ते १८६६ च्या आगीत नष्ट झाले. साल गेलेले झाड वाळून मेले. त्याच्या नग्न खोडाची छायाचित्रे पुढील दशकात विक्रीस आली. अरण्यमाता हे नाव आणि सोललेले खोड यांतील विसंगती तत्कालीन प्रेक्षकांपैकी काहींना तीव्रतेने जाणवली आणि तिच्यातूनच संरक्षणाच्या मागणीला बळ मिळाले.

वृक्षाच्या नावावरूनही वाद झाला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने १८५३ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ त्याला ‘वेलिंग्टोनिया’ हे नाव दिले. अमेरिकेतील महावृक्षाला इंग्रज सेनापतीचे नाव मिळावे, हे अनेक अमेरिकनांना रुचले नाही व त्यांनी वॉशिंग्टनच्या नावाचा पुरस्कार केला. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार दोन्ही नावे टिकली नाहीत. १९३९ पासून ‘सिकोयाडेंड्रॉन जायगँटियम’ हे नाव रूढ आहे. मात्र कॅमेरा या राईत पोहोचण्यापूर्वीच वृक्षाला राष्ट्रीय प्रतिष्ठेचे मोल प्राप्त झाले होते, हे या वादावरून दिसून येते.

तंत्र आणि मर्यादा : त्या काळी ओल्या कलोडियनची काच-पद्धती प्रचलित होती. काचेवर रासायनिक लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे व विकसित करावे लागे. त्यामुळे अंधाऱ्या खोलीचे काम देणारा तंबू, काचा, रसायने व पाणी हे सर्व साहित्य खेचरांवर लादून अरण्यात न्यावे लागे. हा लेप निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनक्षम व हिरव्या प्रकाशाला मंद होता. परिणामी आकाश कोरे पांढरे आणि पर्णसंभार काळसर उमटे. वाऱ्याने हललेली पाने धूसर होत. स्थिर उभे खोड मात्र सालीच्या प्रत्येक भेगेसह रेखीव उमटे. महासिकोयाच्या चित्रांत खोडाला जे शिल्पसदृश, मंदिराच्या स्तंभासारखे रूप लाभले, त्याचा काही वाटा या तांत्रिक मर्यादेकडे जातो.

याहून अवघड प्रश्न आकाराचा होता. छायाचित्रात वस्तूचे माप कागदाच्या मापाइतके आटते. शेजारी तुलनेला काही नसेल, तर ८० मी. उंचीचा सिकोया व २० मी. उंचीचे देवदारासारखे झाड यांत प्रेक्षकाला भेद करता येत नाही. शिवाय दाट राईत संपूर्ण झाड चौकटीत घेण्याइतके मागे सरकता येत नाही. म्हणजे विशालता हा ज्या विषयाचा प्राण, तीच कॅमेऱ्याला सहजी टिपता येत नव्हती. तिच्यासाठी चित्रात खूण उभी करावी लागली आणि ती खूण म्हणजे मनुष्य. पुढील काळात या प्रतीकाला जी वळणे मिळाली, त्यांचे मूळ या तडजोडीत आहे.

वॉटकिन्सची छायाचित्रे : कार्लटन वॉटकिन्स (१८२९–१९१६) हा न्यूयॉर्क राज्यातून कॅलिफोर्नियात आलेला छायाचित्रकार. त्याने मुद्दाम तयार करवून घेतलेल्या कॅमेऱ्यात सु. ४६ × ५६ सेंमी. आकाराची काच बसत असे. चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नसल्याने मोठ्या प्रतीसाठी तेवढीच मोठी काच आवश्यक होती. १८६१ च्या उन्हाळ्यात त्याने योसेमिटी खोरे व मॅरिपोसा येथील सिकोयांची राई यांची तीस मोठी व शंभराच्या आसपास त्रिमितिदर्शी छायाचित्रे घेतली. खोऱ्याचे छायाचित्रण त्याच्यापूर्वी १८५९ साली चार्ल्स वीड याने केले होते. पण वॉटकिन्सच्या चित्रांची स्पष्टता व रचनेचा तोल यांमुळे तीच प्रमाणभूत ठरली.

त्याच्या ‘ग्रिझली जायंट’ या छायाचित्रात सु. ६४ मी. उंचीचा वृक्ष जवळजवळ पूर्ण दिसतो. वृक्ष किंचित कललेला आहे. त्याचा शेंडा मोडलेला असून एक फांदी स्वतंत्र झाडाच्या खोडाएवढी जाड आहे. बुंध्याशी काही माणसे उभी आहेत, परंतु ती प्रथमदर्शनी ध्यानातही येत नाहीत. दृष्टी खोडावरून खाली उतरते, माणसांपाशी अडते आणि मग त्या मापाने पुन्हा वर चढू लागते. प्रेक्षकाला एकदम दिपवून न टाकता वृक्षाची भव्यता क्रमाक्रमाने त्याच्या लक्षात आणून देण्यात या चित्राचे सामर्थ्य आहे. वृक्ष निर्दोष, सुडौल नाही, हीही गोष्ट महत्त्वाची. विजा, वणवे व वादळे सोसून उरलेला तो वृद्ध आहे आणि त्याच्या व्यंगांतूनच त्याचे वय बोलते. दुसऱ्या एका छायाचित्रात केवळ बुंधा दिसतो व त्याच्याशी गेलन क्लार्क उभा आहे. क्षयाने ग्रासलेला क्लार्क आयुष्याचे थोडे दिवस उरले, या समजुतीने या पर्वतात येऊन राहिला, राईचा पहिला रक्षक झाला आणि १९१० पर्यंत जगला. चित्रात तो वृक्षाला पाठ लावून उभा आहे; वृक्षावर मालकी सांगण्याचा आविर्भाव त्यात नाही.

ही छायाचित्रे डिसेंबर १८६२ मध्ये न्यूयॉर्क येथील गूपिल यांच्या कलादालनात मांडण्यात आली. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. त्याच शहरात दोनच महिन्यांपूर्वी मॅथ्यू ब्रेडी याच्या चित्रशाळेत अँटीटम येथील रणभूमीवरील प्रेतांची छायाचित्रे प्रदर्शित झाली होती. राष्ट्र दुभंगत असताना हजारो वर्षे न ढळलेल्या वृक्षाचे चित्र पाहणाऱ्यांना कोणता दिलासा देत असेल, याची यावरून कल्पना करता येते. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटी खोरे व मॅरिपोसा राई सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपविणाऱ्या कायद्यावर सही केली. वॉटकिन्सच्या छायाचित्रांमुळे हा कायदा झाला, असे अनेकदा लिहिले जाते. विधेयक मांडणारे सिनेटर जॉन कॉनेस यांना ती परिचित होती. परंतु छायाचित्रे हे या कायद्याचे एकमेव कारण मानणे अतिशयोक्तीचे ठरेल. न पाहिलेल्या प्रदेशाविषयी लोकप्रतिनिधींच्या मनात विश्वास निर्माण करणे, एवढे कार्य त्यांनी निश्चितपणे केले असावे. क्रिस्टल पॅलेसमधील खरी साल काहींना बनावट वाटली होती. वॉटकिन्सच्या कागदी प्रतिमेवर मात्र लोकांनी विश्वास ठेवला.

प्रतीकाचे अर्थ : या वृक्षांना चिकटलेल्या अर्थांत पहिला काळाचा होय. अमेरिकेकडे रोमन अवशेष किंवा गॉथिक कॅथीड्रले नव्हती. ही उणीव सिकोयांनी भरून काढली. १८५९ साली मॅरिपोसा येथे आलेला संपादक होरेस ग्रीली याने या वृक्षांचे वय बायबलमधील राजांच्या काळाशी जोडून सांगितले. धर्मोपदेशक टॉमस स्टार किंग याच्या वर्तमानपत्रातील पत्रांनी याच भावनेचा प्रसार केला. दुसरा अर्थ पावित्र्याचा. राईला मंदिराची व खोडांना स्तंभांची उपमा सार्वत्रिक झाली. येथे महाराष्ट्रातील देवराईशी तुलना उद्‌बोधक ठरते. देवराईतील वृक्ष तेथे वसणाऱ्या दैवतामुळे पवित्र मानला जातो, मग तो लहान असो वा मोठा. सिकोयाचे पावित्र्य मात्र त्याच्या वयावर व मापावर आधारलेले होते. मापावर उभे राहिलेले पावित्र्य लहान झाडाला लाभत नाही. म्हणूनच प्रसिद्ध वृक्ष राखले जात असताना शेजारच्या अनामिक राया तोडल्या गेल्या. तिसरा अर्थ वैज्ञानिक होता. वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याने १८७२ मध्ये, सिकोया हे एके काळी उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेल्या वनस्पतिसमूहाचे अवशेष होत, असे प्रतिपादन केले. या मतामुळे वैभवाच्या प्रतीकाला नष्टप्राय वंशाची करुण छटा प्राप्त झाली.

या प्रतीकाने काय झाकले, हेही पाहणे आवश्यक आहे. १८५१ साली मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने योसेमिटी खोऱ्यातील अहवानीची लोकांना हुसकावून लावले होते. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी घेतलेल्या वॉटकिन्सच्या चित्रांत हा प्रदेश मनुष्याचा स्पर्श न झालेला, सृष्टीच्या आरंभीचा वाटतो. प्रत्यक्षात स्थानिक लोक या पर्वतात लहान लहान आगी लावून खालची झुडपे साफ ठेवीत. चित्रांतील मोकळ्या, प्रकाशमान राया हे काही अंशी त्यांच्याच श्रमांचे फळ होते. वृक्षाशेजारी जो मनुष्य मापदंड म्हणून उभा केला गेला, तो बहुधा नव्याने आलेला गोरा प्रवासी होता; जे लोक या वृक्षांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या वावरले, त्यांना त्या जागी क्वचितच उभे केले गेले.

तोडीची छायाचित्रे : मनुष्य आणि वृक्ष यांची हीच जोडी पुढे उलट्या अर्थाने वापरली गेली. १८८१ मध्ये मॅरिपोसा येथील ‘वावोना’ वृक्षाच्या बुंध्यातून घोडागाडी जाईल एवढा बोगदा कोरण्यात आला. बोगद्यात थांबलेली गाडी हे त्यानंतर जगप्रसिद्ध दृश्य झाले. हा वृक्ष १९६९ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळला. १८९१ साली ‘मार्क ट्वेन’ हा वृक्ष न्यूयॉर्क व लंडन येथील संग्रहालयांसाठी तोडला गेला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी ‘जनरल नोबल’ वृक्षाचा बळी देण्यात आला. सी. सी. कर्टिस याने अशा तोडीची छायाचित्रे घेतली. त्यांत बुंध्यात पाडलेल्या खाचेत कुऱ्हाडी व करवती घेतलेले कामगार ओळीने उभे वा पहुडलेले दिसतात. उत्तर कॅलिफोर्नियातील ए. डब्ल्यू. एरिक्सन व वॉशिंग्टन राज्यातील डॅरियस किन्से यांनी अनुक्रमे रेडवुड व सीडर वृक्षांची अशीच छायाचित्रे घेतली.

ही छायाचित्रे केवळ क्रौर्याचे पुरावे मानणे अन्यायाचे होईल. त्यांतील मजुरांनी जीव धोक्यात घालून काम केले होते आणि अनेक प्रती त्यांनीच आपल्या कुटुंबीयांसाठी विकत घेतल्या. चेहऱ्यांवरील अभिमान खरा आहे. तरीही वॉटकिन्सच्या चित्राशी त्यांची तुलना केली असता एक गोष्ट ध्यानात येते. दोहोंत रचना सारखीच आहे : मध्यभागी खोड, पायथ्याशी माणसे, भोवती अंधारे अरण्य. फरक फक्त खाचेचा. म्हणजे वृक्ष मोठा आहे हे सिद्ध करण्याची जी पद्धत आदरातून निर्माण झाली, तीच विजयाच्या प्रदर्शनाला तशीच्या तशी उपयोगी पडली. जनरल शर्मन वृक्षाला कावीआ येथील समाजवादी वसाहतीने कार्ल मार्क्सचे नाव दिले होते, ही हकीकतही या संदर्भात बोलकी आहे. सेनापती, राष्ट्राध्यक्ष वा क्रांतिकारक विचारवंत यांपैकी कोणाचेही नाव त्यावर लादता येत होते. एडवर्ड माइब्रिज याने १८७२ मध्ये योसेमिटीची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आड येणारी अनेक झाडे त्याने तोडून टाकल्याचे वृत्त तत्कालीन वर्तमानपत्रात आले होते. निसर्गाच्या चित्रासाठी निसर्गाचीच छाटणी व्हावी, हा विरोधाभास या सर्व परंपरेच्या मुळाशी आहे.

इतर प्रदेश : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात निकोलस केअर याने उत्तुंग निलगिरी वृक्षांची छायाचित्रे घेतली. तेथेही बुंध्याशी माणूस उभा करण्याची पद्धत आढळते. भारतात १८६३ साली आलेल्या सॅम्युएल बोर्न याने हिमालयातील देवदार आणि बंगालमधील वटवृक्ष चित्रित केले. वडाने त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा केला. सिकोयाची विशालता एका उभ्या रेषेत सामावते; वडाची विशालता पारंब्यांमधून आडवी पसरते आणि मूळ खोड कोणते, हेही सांगणे कठीण होते. हावडा येथील वनस्पती उद्यानातील सुप्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीच्या रोगामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी वृक्ष वाढतच राहिला आहे. अशा झाडाशेजारी माणूस मापदंड म्हणून उभा राहत नाही, तो त्याच्या आत शिरतो. एका वीरपुरुषाचे प्रतीक म्हणून वडाची प्रतिमा चालत नाही. आसरा व विस्तार हे अर्थ तिला अधिक शोभतात. महावृक्षाचे प्रतीक प्रत्येक प्रदेशात त्या त्या झाडाच्या घडणीप्रमाणे बदलते, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : वॉटकिन्सचा शेवट शोकपूर्ण झाला. १८७० नंतरच्या मंदीत त्याची चित्रशाळा व काचा सावकारांच्या हाती गेल्या आणि आय. डब्ल्यू. टेबर याने त्या स्वतःच्या नावाने छापल्या. १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्कोतील भूकंपानंतरच्या आगीत उर्वरित संग्रह जळाला. १९१० मध्ये मनोरुग्णालयात दाखल झालेला वॉटकिन्स तेथेच १९१६ मध्ये निधन पावला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या कलेचे पुनर्मूल्यन होऊन एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ निसर्गदृश्य-छायाचित्रकारांत त्याची गणना होऊ लागली.

त्याच्या व त्याच्या समकालीनांच्या चित्रांनी अविचल, अक्षय वृक्षाची जी प्रतिमा रुजविली, तिचे फळ मिश्र आहे. तिने राया राखण्यास लोकमत अनुकूल केले, परंतु राखणे म्हणजे जसेच्या तसे ठेवणे व आग पूर्णपणे रोखणे, ही समजूतही तिनेच पोसली. सिकोयाची फळे उष्णतेने उघडतात आणि रोपे रुजण्यास पालापाचोळा जळून उघडी पडलेली माती लागते. आग रोखल्याने नवी रोपे घटली व फर वृक्षांची दाटी झाली. ही गोष्ट १९६०–७० च्या दशकातील संशोधनात स्पष्ट झाली. ती पटवून देण्यासाठी जुनी छायाचित्रेच कामी आली, हे विशेष. मॅरिपोसा राईतील एका वृक्षसमूहाचे १८९० च्या सुमाराचे व १९७० चे छायाचित्र शेजारी ठेवले असता मोकळ्या जागेत शिरलेली फरची गर्दी कोणालाही दिसते. त्यानंतर नियंत्रित आगीचा अवलंब सुरू झाला. मात्र साठलेले इंधन, दुष्काळ व तापमानवाढ यांमुळे २०२० व २०२१ च्या वणव्यांत मोठ्या सिकोयांपैकी सु. १३ ते १९ टक्के वृक्ष मेले वा मृत्युपंथाला लागले, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा अंदाज आहे. २०२१ मध्ये जनरल शर्मनच्या बुंध्याला ॲल्युमिनियमयुक्त अग्निरोधक आच्छादन गुंडाळावे लागले. ज्याच्या प्रतिमेने अक्षयत्वाचा प्रत्यय दिला, त्या वृक्षजातीला मानवी हाताच्या आधाराची गरज पडावी, ही या प्रतीकाची सर्वांत कठोर समीक्षा म्हणता येईल.

या छायाचित्रांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, उलट बदलते. प्रतीक म्हणून त्यांनी वृक्षाला काळाच्या बाहेर ठेवले. दस्तऐवज म्हणून मात्र विशिष्ट वर्षी, विशिष्ट जागी कोणती झाडे होती, जमीन किती मोकळी होती व खोडावर आगीचे व्रण कोठे होते, याची विश्वसनीय नोंद त्यांनी केली. वॉटकिन्सच्या ग्रिझली जायंटच्या बुंध्यावरील काळे डाग त्या काळच्या प्रेक्षकाने वृद्धत्वाच्या सुरकुत्या म्हणून पाहिले असतील; वस्तुतः ते त्या वृक्षाने पचविलेल्या आगींचे चरित्र आहे. आद्य छायाचित्रकारांच्या कामाची थोरवी या प्रामाणिक तपशिलात अधिक आहे, कारण प्रतीकाचा अर्थ पिढीगणिक पालटला, तरी काचेवर उमटलेला हा तपशील नव्या प्रश्नांना उत्तरे देत राहिला आहे.